आठ लाख रुपये सोळा जणांत वाटू नका, एकाला नीट उभं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा सोलापुरात टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि कुटुंबाचा एक छोटा ट्रस्ट आहे. त्यांच्या एका कामगाराच्या मुलाने आयुष्य संपवलं. त्याच सुमारास दुसऱ्या कामगाराचा मुलगा मारामारीत जबर जखमी झाला. तरुणांमधली हिंसा आणि आत्महत्या कशा रोखता येतील यावर काम करणाऱ्या नव्या संशोधकांना मदत करावी, असं कुटुंबाने ठरवलं आहे. वर्षाला आठ लाख, पाच वर्षं. धाकट्या भावाचं म्हणणं, दरवर्षी सोळा विद्यार्थ्यांना पन्नास-पन्नास हजार द्यावेत. ते तीन गोष्टी विचारतात: हे बरोबर आहे का, दोन्हींपैकी एकच विषय निवडावा का, आणि पैसा सत्कारणी लागला हे कसं ओळखायचं.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवण्यात नोकरीची बहुतेक वर्षं काढली. त्याबरोबर समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या पीएच.डी.च्या मुलांना मार्गदर्शन करत आलो, आणि अशा छोट्या निधींच्या निवड समित्यांवरही बसतो. त्यामुळे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

आधी तुमचा खरा प्रश्न काय आहे ते मांडतो, कारण तो "किती जणांना द्यावं" हा नाही. सोलापूरसारख्या शहरात या विषयावर काम करू शकणारी मुलं-मुली तयार होतात, पण ऐन कामाच्या वयात विषय सोडून जातात. त्यांना कसं टिकवायचं, हा तुमचा प्रश्न आहे. हे पटलं तर बाकीची उत्तरं सोपी होतात.

ती कुठे गळतात ते बघा. पीएच.डी. चालू असताना बऱ्याच जणांना काहीतरी आधार असतो. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी केंद्राची संशोधनवृत्ती, असेल तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये. त्याशिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, केंद्राची सामाजिक शास्त्र संशोधन परिषद (आयसीएसएसआर) आहे, आरोग्याचा विषय असेल तर वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आहे. पैसे उशिरा येतात हा भाग वेगळा, त्याकडे पुढे येतो. पण प्रबंध सादर झाला की हा आधार संपतो. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, व्हायला वेळ लागतो, कायम प्राध्यापकाची भरती कधी निघेल ते कोणाच्या हातात नसतं, आणि घर चालवायचं असतं. मग मुलगा तासिका तत्त्वावर लागतो. सकाळी अक्कलकोटला दोन तास, दुपारी सोलापुरात तीन, संध्याकाळी एखाद्या क्लासमध्ये. मानधन घेतलेल्या तासांचं, सुट्टीत शून्य. पाच वर्षं ज्या वस्त्यांमध्ये तो फिरला, जिथल्या आयांनी त्याला आपलं दुःख सांगितलं, तिकडे पुन्हा जायला त्याला वेळ उरत नाही. दोन-तीन वर्षांत तो स्पर्धा परीक्षेकडे वळतो, नाहीतर पुण्याला जाऊन एखाद्या कंपनीच्या एचआरमध्ये बसतो. शिकलेलं सगळं वाया जातं आणि पुढचा मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

पन्नास हजारांच्या सोळा धनादेशांनी यातलं काहीच बदलत नाही. त्या रकमेत महिन्याला चार हजारांच्या आसपास पडतात. घेणारा आनंदाने घेईल, झेरॉक्स आणि लॅपटॉपचा हप्ता भागवेल, आणि तासिका चालूच ठेवेल. समारंभ छान होईल, फोटो छापून येतील. पण विषयाला वाहून घेतलेला एक माणूस काही तयार होणार नाही.

अमेरिकेत सुरुवातीच्या काळातल्या संशोधकांना आरोग्य खात्याकडून मिळणारी जी 'के' मालिकेतली अनुदानं आहेत, त्यांतल्या बहुतेकांची मुख्य अट अशी की संशोधकाचा कामाचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवायचा. कॉलेजने त्याला बाकीच्या कामाला जुंपायचं नाही. पैसा दिला जातो तो या राखीव वेळेसाठी. त्याच देशात उलटही घडलं. १९९६ मध्ये संसदेने बंदुकींच्या हिंसेवरच्या संशोधनाच्या सरकारी पैशावर अशी अट घातली की तो जवळजवळ आटला, आणि २०२० च्या अर्थसंकल्पात अडीच कोटी डॉलरची तरतूद झाली तेव्हा कुठे तो पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात तरुण संशोधकांनी दुसरे विषय धरले. पैसा परत आला, पण त्या वर्षांत जी माणसं घडायची राहिली ती नंतर कुठून आणणार? म्हणून पाच वर्षं देण्याचा तुमचा शब्द मला रकमेपेक्षाही मोलाचा वाटतो. तो लेखी द्या.

आता दोन विषयांचं. एकच निवडू नका. हे दोन वेगळे विषय आहेत असं आपल्याला वाटतं, कारण सरकारी पुस्तकं वेगळी आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एक पुस्तक गुन्ह्यांचं काढतो आणि दुसरं अपघाती मृत्यू व आत्महत्यांचं. पण सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री एखाद्या टेबलाशी उभं राहून बघा. तिथे एकच जाडजूड एमएलसी रजिस्टर असतं, पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेसचं. वेळ, नाव, वय, पत्ता, कोणी आणलं, काय झालं, पोलीस ठाणं, हवालदाराचा बक्कल नंबर. एका ओळीत एकोणीस वर्षांचा मुलगा, "मारहाण". खालच्या ओळीत एकवीस वर्षांची मुलगी, "विषबाधा". त्याखाली पुन्हा "मारहाण". शाई तीच, अक्षर तेच, बहुतेकदा मोहल्लाही तोच. पहिल्याला टाके घालून सकाळी घरी पाठवतात. दुसरीच्या पोटातलं विष उतरवून तिला वॉर्डात ठेवतात, आणि नशीब असेल तर मनोविकार विभागाचा कॉल जातो. टाके घातलेल्या मुलाला मात्र कोणी विचारत नाही की घरी काय चाललंय, झोप लागते का, कोणाचा सूड घ्यायचा डोक्यात आहे का.

मार खाऊन आलेला मुलगा वर्षभरात दुसऱ्या कारणाने त्याच रजिस्टरात परत येतो का? हा एकच प्रश्न परवानगी घेऊन, नावं झाकून, नीट तपासला तर एका संशोधकाचं दोन वर्षांचं काम होतं, आणि त्यातून सोलापूरच्या डॉक्टरांना उद्यापासून काहीतरी वेगळं करता येतं. त्याच रजिस्टरातली एक अडचणही सांगून ठेवतो. विषबाधेपुढे कितीतरी वेळा "चुकून प्यायले" असं लिहिलेलं दिसतं. पोलिसांच्या भीतीने घरचे तसं सांगतात. खरं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालायचं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. पण ही गोष्ट वॉर्डातल्या आईपर्यंत पोहोचलेली नाही. तिथे बसून, विश्वास कमावून, खरं काय घडलं ते ऐकणारा माणूस लागतो. असा विश्वास पन्नास हजारांच्या सर्व्हेत मिळत नाही.

हिंसा आणि आत्महत्या, दोन्हींची मुळं एकच असण्याला पुरावाही आहे. लहानपणी घरात खाल्लेला मार, शाळेतली दादागिरी, बापाची दारू, कोणाशी मोकळं बोलायची सोय नसणं, या गोष्टी दोन्हीकडे दिसतात. म्हणून उपायही काही ठिकाणी दोन्हींना लागू पडतात. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेले साधे, म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेले समुपदेशक नेमले, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं. समुपदेशकांच्या शाळांत मुलांमधलं नैराश्य कमी झालं, आणि दादागिरी व मारहाणही कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ नाही. आधीच भरलेल्या वेळापत्रकात हे काम बसत नाही, आणि मारामारी केलेला मुलगा आपल्याच वर्गशिक्षकाजवळ मन मोकळं करत नाही. सोलापुरातल्या शाळेत दुपारपाळीत हे कसं जमेल, यंत्रमागावर किंवा विड्या वळायला बसणाऱ्या आईला शाळेत कधी बोलवायचं, हे तपासायला इथलाच माणूस हवा.

आता तिसरा प्रश्न, पैसा सत्कारणी लागला हे कसं कळणार. इथे मी तुम्हाला आग्रहाने एक गोष्ट सांगणार आहे: "आत्महत्या किती कमी झाल्या" असं त्या संशोधकाला कधीही विचारू नका. थोडं गणित करू. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. देशाचा दर लाखामागे १२.४. हाच दर धरला तर तीन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात सरासरी अडीच-तीन वर्षांत एक मृत्यू. तुमच्या संशोधकाने त्या कॉलेजात दोन वर्षं कार्यक्रम केला आणि एकही मृत्यू झाला नाही, तर ते त्याचं यश म्हणता येणार नाही. दुर्दैवाने एक झाला, तर ते त्याचं अपयशही नाही. लाखभर मुलांमध्ये बाराचे आठ झाले तरी ते कार्यक्रमामुळे की योगायोगाने, हे एका वर्षात कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. असं असताना देणारा जर आकडा मागू लागला, तर नवा संशोधक घाबरून एक तर आकडा फुगवतो, नाहीतर विषयच सोडतो.

जिथे मोठा पैसा होता तिथेही हेच धोरण होतं. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर 'सेली' नावाचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मोजले ते आत्महत्येचे प्रयत्न आणि तीव्र विचार. मुलांना थेट मानसिक आरोग्याबद्दल बोलतं करणाऱ्या कार्यक्रमात वर्षभराने नव्या प्रयत्नांचं प्रमाण ०.७० टक्के होतं, तुलनेच्या गटात १.५१ टक्के. त्याच अभ्यासात शिक्षकांना फक्त धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवलेल्या गटात असा फरक दिसला नाही. बिहार आणि युरोप, दोन्हीकडचं उत्तर एकाच दिशेचं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग तुम्ही काय विचारायचं? पहिल्या वर्षी: एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात माणसांना इजा होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी मिळाली का, किती कुटुंबं बोलायला तयार झाली, किती जण मध्येच थांबले आणि का. दुसऱ्या वर्षी: मदत मागणाऱ्या मुलांचं प्रमाण बदललं का, मारामारीत पुन्हा सापडणारे कमी झाले का, रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी किती जणांशी सहा महिन्यांनंतरही संपर्क टिकला. शेवटची गोष्ट मी मुद्दाम म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या पाच केंद्रांवर, त्यातलं एक चेन्नई, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला होता. त्यातल्या अर्ध्या लोकांशी घरी जाताना तासभर नीट बोलायचं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा भेटून चौकशी करायची, एवढंच. त्या गटात आत्महत्येने ०.२ टक्के लोक गेले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. या उपायाला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. वेळ देणारा, दिलेल्या तारखेला न चुकता फोन करणारा माणूस लागतो. तुमच्या पैशातून असा माणूस उभा राहू शकतो.

याउलट कशाला देऊ नका तेही स्पष्ट सांगतो. आपल्याच कॉलेजातल्या दोनशे मुलांकडून तणावाची प्रश्नावली भरून घ्यायची आणि टक्केवारी काढायची, असे प्रबंध ढिगाने पडले आहेत. रॅली, पथनाट्य, एकदिवसीय व्याख्यान हे संशोधनाच्या नावाखाली आलं तर नाकारा. "सोलापूरच्या गुन्हेगारी वस्त्यांतील युवक" असं शीर्षक असलेला अर्ज तर मी पहिल्याच फेरीत बाजूला ठेवतो. ज्या वस्तीत जाऊन तुम्ही विश्वास मागणार, तिलाच मुखपृष्ठावर आरोपी करून कसं चालेल?

पैशाची मांडणी मी अशी करेन. पीएच.डी. सादर केलेल्या किंवा नुकतीच मिळालेल्या एकाच व्यक्तीला महिन्याला ४२,००० रुपये, म्हणजे वर्षाला ५,०४,०००. जेआरएफच्या वरच्या टप्प्याएवढी ही रक्कम आहे, पीएच.डी. झालेल्याला त्याहून कमी देऊ नये. उरले २,९६,०००. त्यातले १,२०,००० क्षेत्रकामासाठी: प्रवास, भाषांतर, माहिती भरणं, आणि मुलाखतीसाठी मजुरी बुडवून येणाऱ्याला त्याच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे. भाषांतराला हात आखडता घेऊ नका. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू आहे, अक्कलकोटकडे कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू. मनातलं दुखणं माणूस घरच्या भाषेतच सांगतो. पुढचे ६०,००० बाहेरच्या अनुभवी मार्गदर्शकासाठी, ३६,००० म्हणजे महिन्याला तीन हजार एका समुपदेशकासाठी, २०,००० एथिक्स कमिटीचं शुल्क आणि छपाई. शेवटचे ६०,००० राखीव.

हे राखीव पैसे कशाला, तर छात्रवृत्तीचे पैसे उशिरा येतात या मघाशी अर्धवट सोडलेल्या मुद्द्यासाठी. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीची मंजूर झालेली छात्रवृत्ती एका कार्यालयात अडकली, कितीतरी महिने. कागद पूर्ण होते, सही होत नव्हती. तिचे वडील यंत्रमागावर, घरात दुसरी मिळकत नाही. क्षेत्रकाम निम्म्यावर आलेलं, ज्या मुलांना "पुढच्या महिन्यात परत येते" म्हणून सांगितलेलं, त्यांच्याकडे जायला एसटीचं भाडं नाही. अशा वेळी कोणी तीन-चार महिने निभावण्यापुरते पैसे बिनव्याजी पुढे केले आणि थकबाकी आल्यावर परत घेतले, तर एक अख्खा अभ्यास वाचतो. तुमचे साठ हजार असे दरवर्षी दोन-तीन मुलांना फिरवता येतील. सोळा जणांना मदत करावी ही तुमच्या भावाची इच्छा आहे ना, ती या वाटेने पाच वर्षांत बरीचशी पूर्ण होईल.

पाच वर्षांत दोनच माणसं घ्या. पहिल्याला तीन वर्षं, दुसऱ्याला दोन. पहिल्याने गोळा केलेली माहिती, कमावलेल्या ओळखी दुसऱ्याच्या हाती सोपवायच्या, ही अट पहिल्याच्या पत्रातच घाला. तासिका आठवड्याला एक-दोनपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत, हीही अट घाला आणि कॉलेजकडून लेखी घ्या.

समुपदेशकाचे तीन हजार वाचवायचा मोह होईल, तो टाळा. अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. पण फॉर्म भरून जबाबदारी संपत नाही. समोरची मुलगी म्हणाली की मला जगायचं नाही, तर त्याच दिवशी, त्याच तासात कोणाला फोन करायचा? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक संशोधकाला पाठ हवाच, त्याशिवाय शहरातला एक माणूस ठरलेला हवा, जो फोन उचलेल आणि तिला भेटेल. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पोक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे, आणि "तू सांगशील ते सगळं गुप्त राहील" असं आधी वचन देऊन बसलेला संशोधक तिथे अडकतो. म्हणून काय गुप्त राहील आणि काय नाही, हे मुलाखतीआधीच साध्या शब्दांत सांगायचं. काही मुख्याध्यापक म्हणतात, असले प्रश्न विचारून मुलांच्या डोक्यात नको ते घालू नका. त्यांना सांगा की न्यूयॉर्क राज्यात दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हेच तपासून पाहिलं गेलं आहे, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही.

संशोधकाची स्वतःची काळजीही याच खात्यात येते. मूल गेलेल्या आईबापांच्या मुलाखती एका आठवड्यात दोनच्या वर घ्यायच्या नाहीत, हा मी घातलेला नियम. प्रत्येक मुलाखतीनंतर कोणाशी तरी तासभर बोलायचं. पंचविशीतली मुलं ऐकून घेतात, हसतमुख राहतात, आणि मग एक दिवस फोन उचलायचे बंद होतात. बाहेरच्या मार्गदर्शकाचे साठ हजार प्रामुख्याने यासाठी आहेत. प्रबंधाचा गाईड पाच-सहा विद्यार्थी आणि परीक्षांच्या कामात अडकलेला असतो, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका.

निवड तुम्ही स्वतः करू नका, तीन जणांवर सोपवा. एक मनोविकारतज्ज्ञ, एक समाजकार्याचे प्राध्यापक सोलापूरबाहेरचे, आणि एक वस्तीत प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती, आशाताई किंवा मुख्याध्यापिका चालेल. अर्ज तीन पानांचा, मराठीत लिहिला तरी चालेल असं जाहिरातीत छापा. इंग्रजी चांगलं म्हणून निवडलेला माणूस विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, उपयोगी पडेलच असं नाही. मुलाखतीत मी एक प्रश्न नेहमी विचारतो: तुमच्याशी बोलताना मुलगा रडायला लागला तर तुम्ही काय कराल? जो लगेच सिद्धांत सांगतो, त्याच्यापेक्षा जो "मी थांबेन, प्रश्नावली बंद करेन" म्हणतो, त्याच्याकडे माझं मन झुकतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या ट्रस्टच्या घटनेत शिक्षण किंवा संशोधन हा उद्देश लिहिलेला आहे का? नसेल तर आधी धर्मादाय कार्यालयातून ते करून घ्यावं लागेल. कारखान्याला सीएसआर, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करायची कायद्याची अट, लागू होत असेल तर त्याचे नियम निराळे, कोणत्या खात्यातून कसं द्यायचं ते तुमच्या सीएंना विचारा. संशोधक विद्यापीठाशी जोडलेला आहे की मेडिकल कॉलेजशी, यावरून कोणत्या एथिक्स कमिटीकडे जायचं ते ठरेल. माझा अनुभव एवढाच की महिन्याचं विद्यावेतन ट्रस्टने थेट संशोधकाच्या खात्यात ठरलेल्या तारखेला द्यावं, आणि क्षेत्रकामाचा खर्च संस्थेमार्फत, लेखी करार करून, वेगळ्या खातेवहीत. सगळं संस्थेच्या खात्यातून गेलं तर बिलं आणि उपयोगिता प्रमाणपत्रांच्या फेऱ्यात महिना-दोन महिने सहज जातात आणि घरभाडं थांबत नाही.

पुढे याच संशोधकाला मोठा पैसा मिळवता येईल. आरोग्य आणि जैववैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या फेलोशिप आहेत, आयसीएमआर आहे, परदेशात अमेरिकन फाउंडेशन फॉर सुइसाइड प्रिव्हेन्शनसारख्या संस्था नव्या संशोधकांना अनुदान देतात. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी असलेली संस्था आणि आरोग्य संशोधनासाठी केंद्राची छाननी लागते, ते वेळखाऊ आहे. पण तिथे अर्ज करायला हातात प्राथमिक काम लागतं, आणि ते तुमच्या तीन वर्षांत होईल. २१ नोव्हेंबर २०२२ ला जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत मृत्युदर दहा टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट आहे. जिल्ह्यात ते कसं राबवायचं असा प्रश्न कधीतरी जिल्हाधिकारी कार्यालयात निघेलच, तेव्हा इथली माहिती असलेला एक तरी माणूस सोलापुरात असायला हवा.

फेलोशिपला तुमच्या वडिलांचं नाव द्यायचं असेल तर जरूर द्या. तुमच्या कामगारांच्या त्या दोन मुलांचं नाव मात्र कुठेही नको, जाहिरातीत नाही, भाषणात नाही, बातमीत तर नाहीच. त्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली तरी नको. धाकटी भावंडं अजून त्याच शाळांत जात असतील.

आता लगेच करण्यासारखं एवढंच: ट्रस्टची घटना काढून उद्देशांचं पान वाचा, आणि समितीसाठी सोलापूरबाहेरच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहा. जाहिरात उन्हाळ्याच्या सुट्टीआधी निघाली तर तासिकावाली मुलं पुढच्या सत्राची कबुली देण्याआधी ती वाचतील. जूनमध्ये काढलीत, तर चांगली मुलं तोवर दोन कॉलेजांत अडकलेली असतील.